आपल्या प्रदेशात उपलब्ध नसलेलं हसू

पडदा वर जातो तेव्हा समोर एक खोली दिसते. वरच्या मजल्यावरची, दोन खिडक्यांची. डाव्या अंगाला लोखंडी कॉट, उजव्या अंगाला जेवायचं टेबल. टेबलाचा एक पाय आखूड आहे, म्हणून त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले आहेत, तेही प्रेक्षकांकडे पाठ करून. रंगमंचावर असं बसू नये म्हणतात. पण या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात प्रेक्षकांकडे कधी तोंड केलंच नाही, तेव्हा आता तरी त्यांना कोण बोलणार? त्यांच्यासमोर साखरेच्या बरणीला टेकवून उभा केलेला टॅब आहे. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची मेहुणी मटार सोलतेय. वेळ दुपारची, उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडलेला.

गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे बारीक केले आणि टॅबवरचं वाक्य खड्या आवाजात वाचलं.

"ही कलाकृती आपल्या प्रवेशात उपलब्ध नाही."

मग ते क्षणभर विचारात पडले आणि त्यांनी समजूतदारपणे मान हलवली.

"बरोबर आहे. पहिल्या प्रवेशात कशी असेल? दुसऱ्या अंकात असणार. पुढच्या प्रवेशावर कसं जायचं गं, धाकटे?"

मेहुणीने हातातली शेंग खाली ठेवली. तिला सगळं घर धाकटी म्हणायचं. डोक्यावरचे सगळे केस पांढरे झाले तरी तिची त्या नावातून सुटका झाली नव्हती. ती उठली आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून तिने पाहिलं.

"प्रदेश, भावोजी! प्रदेशात. द आहे तो, व नाही. चष्मा नाकावर ठेवायचा असतो, कपाळाला कमी दिसत नाही काही."

"प्रदेश म्हणजे?"

"म्हणजे आपण राहतो तो भाग. आपल्याकडे हे विकणार नाहीत, असं म्हणतायत."

"आपल्याकडे विकणार नाहीत?" गृहस्थ खुर्चीतच वळले. "अगं, आपल्याकडेच तर झालं ते! या खिडकीतून थुंकलं तर नाट्यगृहाच्या पत्र्यावर पडेल!"

"थुंकू नका. खाली माणसं असतात," धाकटी म्हणाली आणि परत मटारांकडे गेली.

या गृहस्थांना सगळे पडदेमामा म्हणत. खरं नाव कागदोपत्री होतं, पण पगार वाटणाऱ्या कारकुनालासुद्धा ते दर महिन्याला नव्याने शोधावं लागे. तरुणपणी ते एका गोदामात पोती उचलायचे. एकदा नाटकाचं सामान उतरवायला म्हणून नाट्यगृहात आले, त्याच दिवशी पडदा ओढणारा तापाने फणफणला होता. व्यवस्थापकाने त्यांचे दंड पाहिले आणि विचारलं, "दोर ओढता येतो का?" ते म्हणाले, "येतो की, त्यात काय?" त्यात काय, हे समजायला त्यांना पुढची काही वर्षं लागली.

डाव्या विंगेत भिंतीलगत एक जाड दोर होता. एका टोकाला पडदा, दुसऱ्या टोकाला वाळूची पोती, मध्ये वर कुठेतरी अंधारात कुरकुरणारी कप्पी. पडदा उघडणं सोपं, कुणीही उघडेल. पण पाडणं? विनोदी नाटकाचा पडदा टाळी वाजावी तसा चटकन पडला पाहिजे. रडक्या नाटकाचा मात्र जमिनीत पाणी मुरावं तसा उतरला पाहिजे. नटाने काम चांगलं केलं असेल तर हात आपोआप रेंगाळतो. वाईट केलं असेल तर त्याची अब्रू झाकायला लगबगीने धावतो. त्या दोराने मामांच्या उजव्या तळहातावरच्या सगळ्या रेषा पुसून टाकल्या होत्या. एकदा मध्यंतरात एक नटी सगळ्यांचे हात पाहून भविष्य सांगत बसली होती. मामांनीही हात पुढे केला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "मामा, तुमच्या हातावर तर काहीच नाही हो."

"पडदा पडलाय," मामा म्हणाले.

त्या जागेवरून नाटक मात्र दिसत नसे. दिसायचं ते एखाद्या नटाचं कोपर, टेबलाची कड, कधी कुणाच्या पायातला बूट. प्रेक्षक तर मुळीच नाहीत. मामांनी आयुष्यभर नाटकं पाहिली ती कानांनी. आणि कानांनीच त्यांना ती भेटली.

शेवटच्या रांगेतून एक हसू यायचं. बाटली नळाखाली धरली की भरता भरता तिचा आवाज खालून वर चढत जातो ना, तसं ते चढत जाई. अगदी तोंडाशी आलं, आता सांडणार, असं वाटलं की एक छोटीशी उचकी. मग दम घ्यायला एक पळ शांतता, आणि पुन्हा तळापासून सुरुवात. बाकीचं नाट्यगृह विनोदाला हसून मोकळं व्हायचं, मग हे हसू ऐकून दुसऱ्यांदा हसायचं. नटांनाही ते ठाऊक झालं होतं. मेकअपच्या खोलीत एकमेकांना विचारायचे, "आज मागे आहे का ती?"

मामांनी त्या हसण्याशी गुपचूप एक करार केला. विनोदी नाटकाचं शेवटचं वाक्य झालं, नाट्यगृह हसलं, ते हसू चढत चढत तोंडाशी आलं की नेमकी उचकीवर पडदा सोडायचा. पडदे असे काही पडू लागले की पाहुण्या कंपन्या मामांना बोलावून त्यांची पाठ थोपटायच्या. मामा मान खाली घालून म्हणायचे, "सवय आहे, दुसरं काय." हे कौतुक अर्धंच आपलं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि मग एका नाटकाने घात केला.

नाटक शोकांतिका होतं. नायक नायिकेच्या मांडीवर मरत होता. मरायला त्याला नेहमीच बराच वेळ लागायचा, कारण त्याचं शेवटचं भाषण लांब होतं आणि ते आणखी लांबवायची त्याला हौस होती. नायिका त्याच्यावर ओणवली, उठली, तर नायकाची मिशी तिच्या गालाला चिकटून वर आली. पुढच्या रांगांनी सभ्यपणे खोकून घेतलं. मागून मात्र बाटली भरायला लागली. चढली, तोंडाशी आली, उचकी लागली, आणि विंगेत मामांच्या हाताने कुणालाही न विचारता दोर सोडून दिला. पडदा टाळी वाजल्यासारखा पडला. नायक पडद्याआड ओरडत होता, "अरे, मी अजून जिवंत आहे!"

व्यवस्थापकाचा पारा चढला. "हसली कोण, ते शोधून काढ," तो मामांना म्हणाला. शोधायला फार लांब जावं लागलं नाही. दरवानानेच सांगितलं की बुकिंगच्या खिडकीत बसते ती मुलगी. तिकिटं संपली की खिडकी लावते आणि शेवटच्या रांगेत येऊन बसते.

मामा खिडकीपाशी गेले.

"काल मागच्या रांगेत हसलात ते आपणच का?"

"किती हवीत?"

"काय किती?"

"तिकिटं."

"तिकीट नकोय. काल हसलात का, एवढंच विचारतोय."

"हसायचं वेगळं तिकीट नसतं आमच्याकडे."

"तुमच्यामुळे काल नायक मेला नाही!"

"मेला की," ती गंभीरपणे म्हणाली. "आधी मिशी गेली, मागोमाग तो गेला."

आणि ती हसायला लागली. मामांनी आयुष्यात पहिल्यांदाच ते हसू डोळ्यांनी पाहिलं. खिडकी जेमतेम वीतभर उंचीची, त्यातून ते बाहेर मावेना.

व्यवस्थापकाने दोघांना समोर उभं केलं आणि सांगितलं की तुमच्यातल्या एकाला जावं लागेल. मामा म्हणाले, "चूक माझ्या हाताची आहे, मी जातो. पण साहेब, या गेल्या तर जो कोणी नवा पडदेवाला येईल त्याला पडदा कधी पाडायचा ते कळणार नाही." व्यवस्थापकाने कपाळाला हात लावला. "मग लग्न करा एकमेकांशी," तो खेकसला, "आणि काय हसायचं ते घरी हसा!" त्याने जन्मभरात दिलेला एवढा एकच सल्ला कुणाच्या उपयोगी पडला.

गंमत अशी की घरी ती फारशी हसत नसे. घरी ती चारचौघींसारखी बायको होती. दूध उतू गेलं की चिडायची, मामांनी ओला टॉवेल कॉटवर टाकला की नाट्यगृहापर्यंत ऐकू जाईल असं बोलायची. मामा कधी विनोद करून पाहायचे, तर म्हणायची, "मला हसायला अंधार लागतो. आणि फजिती दुसऱ्याची लागते. आपली काय, रोजचीच आहे." ते हसू नाट्यगृहाच्या मालकीचं होतं. ते ऐकायचं तर मामांना कामावरच जावं लागे, आणि म्हणून मामांनी कधी रजा घेतली नाही.

एके वर्षी एक ध्वनिमुद्रण कंपनी आली. एका बुजुर्ग विनोदी नटाचं नाटक कॅसेटवर उतरवायचं होतं. प्रेक्षकांच्या डोक्यावर तारांना माइक टांगले. तालमीच्या वेळी कंपनीचा माणूस कानाला हेडफोन लावून म्हणाला, "त्या मागच्या बाईंना उद्या जरा आवरा, आवाज मोजायचा काटा लाल पट्ट्यात जातोय." बुजुर्ग नट पावडरचा पफ हातात घेऊन तसाच बाहेर आला. "त्या बाई नसतील तर मीही नाही. मग हवा मुद्रित करा."

कॅसेट निघाली. घरात ती इतकी वाजली की फीत पातळ होत गेली. एकदा तुटली, ती लेकीने नेलपॉलिश लावून जोडली. त्या सांध्यावर आवाज खोल विहिरीत पडून परत वर यायचा. बायको कॅसेट ऐकताना आपल्या हसण्यापाशी आली की उठून स्वयंपाकघरात जायची. "काय बाई ते घोड्यासारखं!" म्हणायची. पुढे एका दुपारी यंत्राने फीत खाल्ली, ती अशी की तिचा नुसता गुंता हातात आला. "जाऊ दे," ती म्हणाली, "मी आहे ना अजून."

मग नाट्यगृहाच्या पडद्याला मोटर बसली. मामांना बटणापाशी उभं केलं. मामांनी ते काही दिवस दाबलं आणि नमस्कार करून घरी आले. "बटणाला माणूस लागत नाही," ते म्हणाले, "बोट लागतं." लेक शिकली, लग्न करून समुद्रापलीकडच्या एका देशात गेली. आणि मग, एका आजारपणानंतर, बायकोही गेली. धाकटी खालच्याच मजल्यावर राहायची, एकटीच. ती दोन वेळचं घेऊन वर येऊ लागली, भावोजींशी भांडू लागली, आणि दोघांचे दिवस बरे जाऊ लागले.

असे दिवस जात असताना धाकटीने एकदा सहज विचारलं, "भावोजी, ताई हसायची कशी हो? मला तोंडावर नेलेला तिचा हात आठवतो, मिटलेले डोळे आठवतात. आवाज मात्र गेला बघा माझ्या कानातून."

"अगं, अशी..." म्हणून मामांनी तोंड उघडलं. आणि ते तसंच उघडं राहिलं.

कप्पीची कुरकुर आठवली. व्यवस्थापकाच्या चपलांचा आवाज आठवला. बाटली भरल्यासारखं होतं ते, हेही शब्दांनी आठवलं. पण ऐकू काही येईना. मामांनी डोळे मिटले, मान वाकडी केली, विंगेत उभे राहायचे तसे भिंतीला टेकून उभे राहिले. काही नाही. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ते हसू कानात जपून ठेवलंय, हवं तेव्हा काढू. आता पाहिलं तर जागा होती, वस्तू नव्हती.

त्या दिवसापासून मामांना चैन पडेना. त्यांनी लेकीला फोन केला. ती कॅसेट जगाच्या पाठीवर कुठेही असली तरी शोध म्हणाले. लेकीने शोधली. जुनी ध्वनिमुद्रण कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती, तिला तिसऱ्या एका बड्या कंपनीने गिळलं होतं, आणि त्या तिसऱ्या कंपनीने नुकतंच हे नाटक इंटरनेटवरच्या आपल्या दुकानात मांडलं होतं. कॅसेट नाही, काही नाही. पैसे भरायचे, बटण दाबायचं, की नाटक घरात. लेकीने ते पान पाठवलं, वर लिहिलं, "बाबा, बघा! आई!"

आणि दुकान म्हणालं, आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.

मामा तसे हार मानणाऱ्यातले नव्हते. धाकटी तर मुळीच नव्हती. तिने टॅब आपल्याकडे ओढला आणि देशांची यादी शोधून काढली. "यातला कुठलाही एक निवडायचा, की त्यांना वाटेल आपण तिकडचेच. कुठला हवा?"

"जिथे हवा चांगली आहे असा बघ," मामा म्हणाले.

धाकटीने डोंगरांचा एक देश निवडला. दुकान लगेच गोड झालं. या बसा, काय घेणार, असं म्हणायला लागलं. मामांनी बँकेचं कार्ड काढून त्यावरचे आकडे शाळेतल्या पाढ्यासारखे वाचून दाखवले. दुकानाने जरा विचार केला आणि पुन्हा तोंड वाकडं केलं. हे कार्ड त्या देशातलं नाही.

"कार्डानेच चुगली केली," धाकटी म्हणाली. "घरचाच भेदी!"

मग दुकानाच्या मदत विभागात तक्रार केली. तिथे एक मदतनीस होता. आपण बोलायचं, ते लिहिलं जायचं आणि त्याचं उत्तर उमटायचं. मामा टॅबसमोर ताठ बसले.

"मी पडदेमामा. ज्या नाट्यगृहात हे नाटक झालं, त्याच्या मागच्या गल्लीत राहतो. त्या प्रयोगाचा पडदा मीच ओढला होता."

उत्तर आलं, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. ही कलाकृती आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही."

"अहो, त्यात माझी बायको आहे."

"आपली पत्नी कलाकार आहे का?"

"नाही. ती हसलीय."

टॅबवर तीन ठिपके उड्या मारत राहिले. मग उत्तर आलं, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"हा माणूस आहे की यंत्र?" मामांनी विचारलं.

"काही फरक पडतो का?" धाकटी म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं. इथे कळसा आपल्या काखेत, आणि तो बघायला सुद्धा परवानगी नाही."

मामा उठून खिडकीशी गेले. खाली नाट्यगृहाचा पत्रा उन्हात तापला होता. "आमच्या कंपन्या गावोगाव फिरायच्या," ते म्हणाले. "ट्रक भरून सामान, नाक्यानाक्यावर तपासणी. पण कुणी कधी विचारलं नाही, या ट्रंकेत विनोद किती आहेत आणि ते कुठल्या गावात हसायचे आहेत म्हणून."

शेवटी लेकीनेच ते नाटक विकत घेतलं. तिच्या देशात मिळत होतं. पण बाबांना भेट म्हणून पाठवायला गेली तर कळलं, भेट फक्त त्याच प्रदेशात देता येते. मग तिने स्वतःच्या खात्याचा परवलीचा शब्द सांगितला. मामांनी तो भरला, नाटकाचं चित्र आलं, खाली वाजवायचा त्रिकोण आला. मामांनी त्रिकोणावर बोट ठेवलं आणि दुकानाला संशय आला की एकच बाई एकाच वेळी समुद्राच्या दोन्ही काठांवर कशी? त्याने लेकीचंच खातं गोठवून टाकलं. ते सुटेपर्यंत लेकीला आपलीच गाणी ऐकता येईनात.

"राहू दे गं," मामा फोनवर म्हणाले. "तुझ्या घरात चोर शिरल्यासारखं झालं माझ्यामुळे."

"राहू बिहू द्यायचं नाही," लेक म्हणाली. आवाज थेट आईचा, ओल्या टॉवेलवरून बोलतानाचा. "खातं सुटलं की रविवारी सकाळी मी तुम्हाला व्हिडिओ कॉल करते. इकडे नाटक लावते, फोन स्पीकरसमोर धरते. तुम्ही तिकडे ऐका. हवेला कुणी प्रदेश विचारत नाही."

रविवारी मामांनी दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. धाकटीने खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या, खिडक्यांवर चादरी टाकून खोलीत अंधार केला आणि म्हणाली, "ताईला अंधार लागतो." मग टॅबवर लेकीचा चेहरा आला. मामांनी पाहिलं, तिचे डोळे सुजलेले होते.

"काय गं, बरं नाही का?"

"बाबा, मी काल रात्री आधी एकदा ऐकून घेतलं. म्हटलं, नीट लागतंय ना बघावं." तिने डोळे पुसले. "त्यात हसणं नाहीये."

"म्हणजे?"

"सगळं ऐकलं मी. नाटक आहे, सगळं आहे. पण लोक नाहीत. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, मी आधी वाचलंच नव्हतं. 'पार्श्वभूमीतले अनावश्यक आवाज काढून टाकलेली नवी, स्वच्छ आवृत्ती.'"

मग धाकटीच्या तोंडून तो शब्द निघाला. "अनावश्यक!" ती खुर्चीतून उठली. "अनावश्यक? अरे, तुमच्या नाटकात आवश्यक होतं काय दुसरं? तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं! एवढा आटापिटा, खाती गोठली, त्या मेल्या मदतनिसाच्या विनवण्या केल्या, आणि..." तिने चादरीचं टोक डोळ्यांना लावलं, त्यामुळे खिडकी उघडी पडली आणि उन्हाचा पट्टा आत आला.

"चादर नीट कर," मामा म्हणाले. "आणि तू लाव गं ते."

"बाबा, कशाला उगाच? त्रास होईल तुम्हाला."

"नाटक आहे ना? तिकीट काढलंय ना? मग लाव."

लेकीने लावलं. फोन स्पीकरसमोर धरला. चित्र गेलं, नुसता आवाज राहिला.

पहिली काही वाक्यं ऐकताना मामांची मान खाली गेली. बुजुर्ग नट बोलत होता, तोच तो नाकातला आवाज, पण रिकाम्या नाट्यगृहात तालीम करत असल्यासारखा. इतका स्वच्छ की त्याच्या घशातली खरखरही ऐकू यावी. पहिला विनोद आला. नाट्यगृह हसायला हवं होतं. काहीच नाही. नट मात्र थांबला. क्षणभरच, मग पुढचं वाक्य.

मामांनी मान वर केली.

दुसरा विनोद. नट पुन्हा थांबला, या वेळी जरा जास्त. त्याने घसा खाकरला, दोन पावलं टाकली, मग बोलला. विनोदी नटाला हे करावंच लागतं. लोक हसत असताना पुढचं वाक्य टाकलं तर ते वाक्य बुडतं. म्हणून तो हशा ओसरायची वाट पाहतो, आणि वाट पाहताना नुसता उभा राहत नाही. कोटाची बटणं लावतो, पेपर उलगडतो, काहीतरी करत राहतो. कंपनीने लोकांना पुसून काढलं होतं. नटाचं थांबणं काही त्यांना पुसता आलं नव्हतं.

"इथे पुढच्या रांगा हसल्या," मामा पुटपुटले. जरा वेळाने म्हणाले, "इथे बाल्कनी."

धाकटी नाक पुसत त्यांच्याकडे पाहत राहिली. "भावोजी, तुम्हाला ऐकू येतंय काही?"

मामांनी ओठांवर बोट ठेवलं. ते खुर्चीच्या कडेवर आले होते.

दुसरा अंक लागला. नट कपाटात लपला होता, सासऱ्याने कपाट उघडलं, आणि नट बाहेर येऊन छाती फुगवून म्हणाला, "मी कपाटात नव्हतोच मुळी. कपाट माझ्याभोवती होतं!"

आणि शांतता.

कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला. पावलं. खुर्ची ओढली. कप उचलला, बशीला लागून किणकिणला. एवढ्या वेळात कुठलंही नाट्यगृह हसून मोकळं झालं असतं. पण नट बोलेना. त्याने चहावर फुंकर मारली. एक घोट घेतला. कप खाली ठेवला. अजून काही नाही. बुजुर्ग माणूस, हातातलं सगळं करून संपलं, आता नुसता बसून राहिला होता. मागच्या रांगेकडे पाहत असणार. एक फक्त बारीकशी धाप ऐकू आली, त्याचं स्वतःचं हसू आवरत असल्यासारखी.

मामांचे डोळे मिटले होते. मान एका बाजूला कलली होती, आणि त्यांचा सगळा चेहरा तळापासून हळूहळू भरत चालला होता.

समुद्रापलीकडून लेकीचा काळजीचा आवाज आला, "बाबा, अडकलंय बहुतेक. थोडं पुढे सरकवू का?"

"थांब गं," पडदेमामा म्हणाले. "ती अजून हसतेय."